वादळाचे औषध: कार-टी पेशी, ल्युपस आणि एका दुष्परिणामाचा इतिहास

१/
२०२१च्या एप्रिल-मे महिन्यांत महाराष्ट्रातील असंख्य कुटुंबांनी एक अवघड नाव पाठ केले होते: टोसिलिझुमॅब. करोनाच्या दुसऱ्या लाटेत या इंजेक्शनसाठी नातेवाईक एका औषध दुकानातून दुसऱ्या दुकानात धावत होते, समाजमाध्यमांवर विनवण्या करीत होते, काळ्या बाजारात नाडले जात होते. ती लाट ओसरत असतानाच, ४ जून २०२१ रोजी, नवी मुंबईतील खारघर येथे टाटा स्मारक केंद्राच्या ‘ॲक्ट्रेक’ संस्थेत भारतातील पहिला कार-टी पेशी उपचार एका रुग्णावर झाला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी जवळचा संबंध आहे. तो उलगडायचा तर एका दुष्परिणामाचा इतिहास सांगावा लागतो.

थ्रेड 🧵

२/
कार-टी म्हणजे रुग्णाच्याच रक्तातील टी पेशी बाहेर काढून, त्यांत नवे जनुक घालून, ठरावीक शत्रू ओळखण्यास शिकवून पुन्हा शरीरात सोडणे. हे तंत्र जन्मले रक्ताच्या कर्करोगासाठी. गेल्या काही वर्षांत ते ल्युपस, स्क्लेरोडर्मा, स्नायूंचा दाह अशा ऑटोइम्यून, म्हणजे शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःवरच उलटते त्या आजारांकडे वळले आहे. येथेच प्रश्न उभा राहतो. सर्व उपाय थकलेल्या कर्करुग्णाने जो धोका पत्करला, तो ल्युपस झालेल्या विशीतल्या तरुणीने पत्करावा काय? ल्युपस बहुधा तरुण स्त्रियांनाच गाठतो, हे येथे ध्यानात ठेवावे.

३/
विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर जर्मन शास्त्रज्ञ पाउल एर्लिश याने असे मांडले की, शरीर स्वतःविरुद्ध विष तयार करणे टाळते. त्याने या भयाला ‘हॉरर ऑटोटॉक्सिकस’ असे लॅटिन नाव दिले. शब्द इतका भारदस्त होता की पुढील कित्येक दशके अनेकांनी त्याचा अर्थ ‘असे घडूच शकत नाही’ असा घेतला. कुंपण शेत खाणार नाही, हा तो विश्वास. कुंपण शेत खाते, हे वैद्यकशास्त्राने पूर्णपणे मान्य करीपर्यंत शतकाचा मध्य उजाडला.

४/
१९४८ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच याने आमवाताने अंथरुणाला खिळलेल्या एका स्त्रीला कॉर्टिसोन टोचले. काही दिवसांत ती चालू लागली. दोनच वर्षांनी, १९५०मध्ये, हेंच, केंडाल आणि राइशस्टाइन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. वैद्यकाच्या इतिहासात इतक्या झटपट मिळालेली राजमान्यता विरळाच.

त्यानंतर हिशेब येऊ लागले. चेहरा चंद्रासारखा गोल होणे, हाडे ठिसूळ होणे, साखर वाढणे, जंतुसंसर्ग, मनाचा तोल ढळणे. औषध थांबवले की आजार परत. स्टेरॉइड आजही लक्षावधी रुग्णांचे प्राण वाचवते. परंतु पहिल्या आनंदाच्या भरात दुष्परिणाम दिसत नाहीत, हा धडा तेव्हाचाच.

५/
पुढे ल्युपसमुळे मूत्रपिंडे निकामी होऊ लागलेल्या रुग्णांसाठी सायक्लोफॉस्फामाइड आले. मूळचे हेही कर्करोगाचे औषध. त्याने मूत्रपिंडे वाचली. काही स्त्रियांची मासिक पाळी मात्र ऐन तारुण्यात कायमची थांबली. हे नाव लक्षात ठेवावे, ते पुन्हा येणार आहे. कर्करोगाच्या शस्त्रागारातून ऑटोइम्यून आजारासाठी हत्यार उसने घेण्याची ही पहिली वेळ नव्हे.

६/
१९८९ साली इस्रायलच्या वाइझमन संस्थेत झेलिग एशार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रतिपिंडाचा शत्रू ओळखणारा भाग टी पेशीच्या यंत्रणेला जोडून दाखवला. या जोडग्राहकाला ‘कायमेरिक’ म्हणतात. कायमेरा हा ग्रीक पुराणातला प्राणी: सिंह, बकरी आणि सर्प यांचा संकर. ज्यांनी महाराष्ट्रातील किल्ल्यांच्या दरवाज्यांवर कोरलेला शरभ पाहिला आहे, त्यांना ही कल्पना परकी वाटू नये. शरभही असाच अनेक प्राण्यांची अंगे एकत्र केलेला, आणि त्याचे कामही दारावरच्या रखवालदाराचे.

रखवालदार भलताच बलवान निघाला तर काय, हा पुढचा प्रश्न.

७/
त्याची पूर्वसूचना आधीच मिळू लागली होती. १९८६मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले ओकेटी-३ हे प्रतिपिंड प्रत्यारोपित मूत्रपिंड शरीराने नाकारू नये म्हणून दिले जाई. पहिल्या मात्रेनंतर रुग्णांना हुडहुडी भरे, ताप चढे, रक्तदाब कोसळे. टी पेशी एकाच वेळी चेतवल्या गेल्या की त्या साइटोकाइन नावाचे संदेशरेणू मोठ्या प्रमाणात सोडतात, हे डॉक्टरांना त्यातून प्रत्यक्ष दिसले.

मार्च २००६मध्ये लंडनच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयात याचे भीषण रूप प्रकटले. टीजीएन-१४१२ नावाचे नवे औषध सहा निरोगी तरुणांना टोचण्यात आले आणि काही तासांत सहाही जणांचे अवयव निकामी होऊ लागले. सर्वजण वाचले, पण आठवडेच्या आठवडे रुग्णालयात काढून. ‘साइटोकाइन वादळ’ हा शब्द वृत्तपत्रांत पोहोचला तो याच सुमारास. जे औषध देण्यात आले, त्याच्या नियोजित उपयोगांत आमवातही होता. म्हणजे ऑटोइम्यून आजार आणि हे वादळ यांची गाठ कार-टीच्याही आधी पडलेली होती.

८/
२०१०मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतून आणखी एक वृत्तान्त प्रसिद्ध झाला. पसरलेल्या आतड्याच्या कर्करोगासाठी एका स्त्रीला एचईआर-२ हे लक्ष्य ओळखणाऱ्या सुमारे १,००० कोटी कार-टी पेशी देण्यात आल्या. १५ मिनिटांत तिला धाप लागली. पाच दिवसांनी तिचा मृत्यू झाला. फुप्फुसाच्या निरोगी पेशींवरही ते लक्ष्य अत्यल्प प्रमाणात होते आणि पेशींनी बहुधा तेच गाठले, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला.

येथून लक्ष्य निवडीला निर्णायक महत्त्व आले. सीडी-१९ हे लक्ष्य आघाडीवर आले ते म्हणूनच. ते बी पेशींवर असते, आणि बी पेशी नाहीशा झाल्या तरी माणूस काही काळ जगू शकतो. यकृत किंवा फुप्फुसाविषयी असे म्हणता येत नाही.

९/
आता एप्रिल २०१२, फिलाडेल्फियाचे बालरुग्णालय. रक्ताचा कर्करोग वारंवार उलटलेली सहा वर्षांची एमिली व्हाइटहेड ही कार-टी घेणारी पहिली बालरुग्ण. पेशी शरीरात गेल्या आणि काही दिवसांत तिला तीव्र ताप चढला, रक्तदाब कोसळला, कृत्रिम श्वासोच्छ्वास लावावा लागला. डॉक्टरांना वाटले, हे मूल हातचे जाणार.

रक्ततपासणीत इंटरल्युकिन-६ नावाचा साइटोकाइन कित्येक पटींनी वाढलेला आढळला. या उपचारामागील शास्त्रज्ञ कार्ल जून यांच्या मुलीला बालवयातला संधिवात होता, त्यामुळे इंटरल्युकिन-६ला रोखणारे संधिवाताचे एक औषध उपलब्ध आहे, हे त्यांना ठाऊक होते. ते एमिलीला देण्यात आले. काही तासांत वादळ शमू लागले. सातव्या वाढदिवसाच्या दिवशी ती शुद्धीवर आली.

ते औषध म्हणजे टोसिलिझुमॅब.

१०/
या औषधाचे मूळ जपानमध्ये. ओसाका विद्यापीठात तादामित्सु किशिमोतो यांच्या गटाने १९८६मध्ये इंटरल्युकिन-६चे जनुक शोधले आणि पुढे त्याचा मार्ग अडवणारे प्रतिपिंड विकसित झाले. जपानमध्ये २००८ साली, अमेरिकेत २०१० साली ते आमवातासाठी मान्य झाले. ३० ऑगस्ट २०१७ रोजी अमेरिकी औषध नियामकांनी पहिल्या कार-टी उपचाराला मान्यता दिली, त्याच दिवशी टोसिलिझुमॅबलाही या वादळावरील औषध म्हणून मान्यता मिळाली. विष आणि उतारा एकाच दिवशी दप्तरी दाखल झाले, असे क्वचितच घडते.

ऑटोइम्यून आजाराच्या औषधाने कर्करोगाच्या उपचाराला मोठ्या संकटातून वाचवले. आता तोच उपचार ऑटोइम्यून आजाराच्या दारी उभा आहे. आणि मधल्या काळात हेच औषध करोनाने चेतवलेला दाह शमवण्यासाठी महाराष्ट्रात शोधले जात होते.

११/
आता खारघर. टाटा स्मारक रुग्णालय परळला १९४१मध्ये सुरू झाले. १९५२मध्ये त्याच परिसरात भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभे राहिले. त्याचे संस्थापक संचालक डॉ. वसंत रामजी खानोलकर. भारतातील विकृतिशास्त्राचे जनक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते, आणि मराठी वाचकांना ते असायला हवे तितके परिचित नाही, ही खंतच. एकविसाव्या शतकाच्या आरंभी परळची जागा अपुरी पडू लागली तेव्हा या संशोधन परंपरेला खारघरच्या डोंगरांच्या पायथ्याशी नवे घर मिळाले. तेच ॲक्ट्रेक.

पवईच्या आयआयटीत प्रा. राहुल पुरवार यांच्या गटाने पेशी घडवल्या. टाटा स्मारकच्या डॉ. गौरव नरुला, डॉ. हसमुख जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या रुग्णांपर्यंत नेल्या. आयआयटीतून जन्मलेल्या इम्युनोॲक्ट या कंपनीने ‘नेक्सकार-१९’ या नावाने हा उपचार पुढे आणला. ऑक्टोबर २०२३मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते पवईत त्याचे लोकार्पण झाले. परदेशात कोट्यवधी रुपयांना पडणारा उपचार येथे सुमारे ३० ते ४० लाखांत आला, याची चर्चा सर्वत्र झाली. किमतीच्या या बातमीखाली एक अधिक महत्त्वाची गोष्ट झाकली गेली.

१२/
ती अशी. परदेशी कार-टी उपचारांत सीडी-१९ ओळखणारा भाग उंदराच्या प्रतिपिंडातून घेतलेला असे. पवईच्या गटाने त्याची रचना बदलून तो मानवी प्रतिपिंडाच्या जवळ नेला. शरीराला तो कमी परका वाटावा आणि वादळ, तसेच मेंदूवरील दुष्परिणाम सौम्य राहावेत, हा हेतू त्यामागे होता. म्हणजे दुष्परिणाम कमी करणे हा येथे नंतर सुचलेला विचार नव्हता, रचनेचाच भाग होता.

१३/
मार्च २०२५मध्ये ‘लॅन्सेट हिमॅटॉलॉजी’त या चाचण्यांचे निकाल प्रसिद्ध झाले. ज्यांच्यात परिणाम मोजता आला अशा ५१ रुग्णांपैकी ३७ जणांना, म्हणजे ७३ टक्क्यांना, गुण आला. सुरक्षिततेसाठी तपासलेल्या ५७ रुग्णांपैकी ५५ जणांच्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी तीव्र प्रमाणात घटल्या, ३७ जणांच्या प्लेटलेट घटल्या, ३५ जणांना तीव्र रक्तक्षय झाला.

दोन रुग्ण उपचारामुळेच दगावले. एकात संरक्षक पेशींचा अनावर भडका आणि जंतुदोषाने कोसळलेले रक्ताभिसरण. दुसऱ्यात फुप्फुसातील रक्तस्राव, अवयव निकामी होणे आणि वादळ.

हे सर्व असे रुग्ण होते, ज्यांचा कर्करोग आधीच्या उपचारांना दाद देत नव्हता किंवा उलटला होता. त्यांच्या बाबतीत हा हिशेब बहुतेक डॉक्टर मान्य करतील. हाच तक्ता ल्युपसच्या रुग्णासमोर ठेवला तर?

१४/
त्याचे उत्तर जर्मनीतील एर्लांगेन येथे शोधले गेले. खारघरच्या पहिल्या रुग्णाच्या काही महिनेच आधी, २०२१च्या मार्चमध्ये, गेऑर्ग शेट यांच्या गटाने २० वर्षांच्या एका तरुणीला सीडी-१९ कार-टी पेशी दिल्या. तिला ल्युपस होता, मूत्रपिंडे ग्रासलेली होती, औषधे निष्फळ ठरत होती. तर्क सरळ होता: स्वतःवर उलटलेले प्रतिपिंड निर्माण होतात बी पेशींच्या वंशातून, आणि सीडी-१९ कार-टी त्या पेशींचाच नायनाट करते. तिचा आजार शमला.

फेब्रुवारी २०२४मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये १५ रुग्णांचा वृत्तान्त आला. आठ ल्युपसचे, चार स्क्लेरोडर्माचे, तीन स्नायुदाहाचे. सर्वांची प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे थांबवता आली. दुष्परिणाम असे: दहा जणांना पहिल्या पायरीचे वादळ, म्हणजे प्रामुख्याने ताप; एकाला दुसऱ्या पायरीचे; एकाला मेंदूवर सौम्य परिणाम; एकाला न्यूमोनियामुळे रुग्णालयात ठेवावे लागले. मृत्यू एकही नाही.

१५/
हा फरक का पडला? वादळाचे बळ बऱ्याच अंशी जळणाऱ्या इंधनावर अवलंबून असते. रक्ताच्या कर्करोगात अस्थिमज्जा शत्रुपेशींनी खच्चून भरलेली असते. कार-टी पेशी त्यांवर तुटून पडतात, स्वतः झपाट्याने वाढतात आणि साइटोकाइनचा पूर येतो. ल्युपसमध्ये बी पेशी बहकलेल्या असल्या तरी त्यांची संख्या त्या मानाने थोडी असते. वणवा पेटण्यास रानच विरळ.

आणखी एक दिलासा. नव्या बी पेशी सरासरी ११२ दिवसांनी परतल्या, आणि त्या परतूनही आजार परतला नाही. लसींमुळे पूर्वी मिळालेले प्रतिपिंडही बऱ्याच अंशी टिकले, कारण ते निर्माण करणाऱ्या जुन्या, दीर्घायुषी पेशींवर सीडी-१९ नसते.

१६/
तथापि १५ हा आकडा लहान आहे. पंधरा जणांत न दिसलेली गोष्ट पंधराशे जणांत दिसू शकते. कॉर्टिसोनची पहिली रुग्ण चालू लागली होती, ते १९४८ साल येथे आठवावे.

ऑटोइम्यून आजारात कार-टीचा एक खास दुष्परिणाम नंतर एर्लांगेनच्याच गटाने नोंदवला. उपचारानंतर काही दिवसांनी, आजाराने पूर्वी ज्या अवयवांना ग्रासले होते तेथेच तात्पुरता दाह उसळतो: जुन्या पुरळाच्या जागी पुरळ, मूत्रपिंडाच्या रुग्णात लघवीतून प्रथिने. ३९ रुग्णांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिकांत हे दिसले. बहुतेकदा सौम्य, बहुतेकदा आपोआप किंवा अल्पकाळच्या स्टेरॉइडने शमणारे. परंतु ज्याला हे ठाऊक नाही, तो डॉक्टर ‘आजार उलटला’ असे समजून जुनी जड औषधे पुन्हा सुरू करील, हा खरा धोका. कर्करोगाच्या विभागात हे कधी ओळखलेच गेले नव्हते.

१७/
भारतात हा हिशेब थोडा वेगळा मांडावा लागतो. बी पेशी नाहीशा झाल्यावर काही महिने नवे प्रतिपिंड तयार होत नाहीत. आधीच्या रासायनिक औषधांनी इतर पांढऱ्या पेशीही खालावलेल्या असतात. आपल्याकडे असंख्य लोकांच्या शरीरात क्षयाचे जंतू निद्रिस्त असतात आणि ‘हिपॅटायटिस बी’चा विषाणूही यकृतात दबा धरून असू शकतो. ल्युपसच्या रुग्णाने तर वर्षानुवर्षे स्टेरॉइड घेतलेले असते. जर्मनीतील नीट आकडे पनवेलच्या किंवा परभणीच्या रुग्णाला जसेच्या तसे लागू होतील, असे गृहीत धरणे धाडसाचे. खारघरच्या आकड्यांचे मोल येथे आहे: ते याच हवेतल्या, याच जंतूंच्या सहवासातल्या शरीरांचे आहेत.

१८/
आणि आता ते जुने नाव. कार-टी पेशी देण्यापूर्वी शरीरात त्यांना जागा करून द्यावी लागते, त्यासाठी सहसा फ्लुडाराबिन आणि सायक्लोफॉस्फामाइड ही दोन औषधे काही दिवस देतात. होय, तेच सायक्लोफॉस्फामाइड, ज्याने पूर्वी तरुण रुग्णांचे मातृत्व हिरावले. येथे मात्रा पूर्वीच्या दीर्घ उपचारापेक्षा बरीच कमी असते. पण ज्या तरुणीने ते आधीच अनेकदा घेतले आहे, तिच्या बाबतीत बेरीज करावीच लागते. म्हणूनच बीजांडे आधी गोठवून ठेवण्याची चर्चा उपचाराच्या चर्चेबरोबरच व्हावी लागते. आपल्या घरांत तो विषय काढणे औषधाच्या किमतीइतकेच अवघड असते.

१९/
शेवटची भीती सर्वांत दूरची. जनुक पेशीत पोहोचवण्यासाठी निष्प्रभ केलेला विषाणू वापरतात आणि ते जनुक पेशीच्या गुणसूत्रात कायमचे बसते. ते चुकीच्या जागी बसले तर पेशी स्वतःच कर्करोगाची होऊ शकते काय? नोव्हेंबर २०२३मध्ये अमेरिकी नियामकांनी ही चौकशी जाहीर केली आणि जानेवारी २०२४मध्ये सर्व मान्य कार-टी औषधांवर ठळक इशारा छापण्यास सांगितले. तोवर अमेरिकेत २७,००० हून अधिक मात्रा दिल्या गेल्या होत्या आणि टी पेशींच्या कर्करोगाच्या २२ नोंदी हाती होत्या. प्रत्येक नोंदीत दोष कार-टीचाच, असे सिद्ध झालेले नव्हते.

कर्करोगाने काही महिन्यांत मरणाऱ्याला ही शक्यता नगण्य वाटेल. पुढे ५० वर्षे जगण्याची आशा असलेल्या ल्युपसच्या रुग्णाला ती तशी वाटेलच असे नाही. मात्र ल्युपसही निरुपद्रवी नाही. तोही मूत्रपिंड, हृदय, मेंदू खातो, आणि आजची औषधेही रोज काही ना काही हिरावून घेतात. म्हणून आज तरी हा उपचार जिथे इतर औषधे हरली आहेत, तिथेच आणि चाचणीच्या शिस्तीतच देणे रास्त ठरते. ताप सौम्य होता एवढ्यावरून त्याला ‘निर्धोक’ म्हणणे घाईचे.

२०/
गुणसूत्रात कायमचे जनुक बसवणाऱ्या उपचारांनंतर रुग्णावर १५ वर्षे लक्ष ठेवावे, अशी अमेरिकी नियामकांची शिफारस आहे. त्याच मोजपट्टीने पाहिले तर एर्लांगेनच्या त्या तरुणीची नोंदवही २०३६मध्ये पूर्ण होईल. तेव्हा ती ३५ वर्षांची असेल.